वेटिंग टाइम शून्य

कार्यक्रमात माझी ओळख करून देणारा माणूस कागदावरून वाचतो. यशस्वी उद्योजक, नामवंत गुंतवणूकदार, अनेक तरुण कंपन्यांचे मार्गदर्शक. मग माझ्या पहिल्या कंपनीबद्दल एक वाक्य येतं: पारंपरिक मसाला उद्योगात तंत्रज्ञान आणणारे पहिले. लोक टाळ्या वाजवतात आणि मी हात जोडतो. पहिले आम्ही होतो, हे खरं आहे. त्यानंतर कोणी त्या वाटेला गेलं नाही, तेही खरं आहे, पण ते कागदावर नसतं.

मी लालबागचा. वडील हेडक्लार्क होते, आई घर बघायची. इंजिनियर झालो, परदेशी कंपनीत सात वर्षं नोकरी केली आणि एके दिवशी स्वतःची कंपनी काढायची म्हणून ती सोडली. चाळीत सगळ्यांनी एकमताने ठरवलं की याला काढून टाकलंय. आईने कोणाशी वाद घातला नाही. ती सांगायची, त्याला घरून काम दिलंय. वडिलांनी फक्त एकदा विचारलं की कंपनीला शिक्का आहे का. मी म्हटलं, हल्ली शिक्का लागत नाही. त्यांनी मान हलवली आणि पेपर उघडला.

कंपनीची कल्पना मला आईवरून सुचली. दर उन्हाळ्यात आई वर्षाचा मसाला करते. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या, देठं काढायची, धणे-दगडफूल भाजून घ्यायचं आणि सगळं घेऊन कांडपावर जायचं. कांडप म्हणजे मसाला कुटायची गिरणी. ओळीने उखळं, त्यांत वरखाली होणारी लोखंडी मुसळं, आणि मिरचीचा असा खकाणा की रस्त्यावरून जाणाराही शिंकतो. आई सकाळी सातला जायची आणि दुपारी दोनला यायची. डोळे लाल, नाक लाल, पदराला मिरची. मी एकदा घड्याळ लावून हिशेब केला. आईचा मसाला प्रत्यक्ष कुटायला पाऊण तास लागत होता. उरलेला वेळ ती बाकड्यावर बसून होती.

माझ्यासारख्या माणसाला बसलेली बाई दिसली की धंदा दिसतो. मी ॲप बनवायचं ठरवलं. बाईने घरून नंबर लावायचा, आमचा माणूस येऊन मिरच्या आणि मसाले वजन करून सीलबंद पिशवीत घेणार, कांडपावर नंबराप्रमाणे कुटणार, आणि दुसऱ्या दिवशी डबा घरपोच. कोणी शिंकायचं नाही, कोणी ताटकळायचं नाही.

यासाठी पहिलं कांडप हवं होतं, आणि ते आई जायची ते काकूंचं होतं.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. सगळा लालबाग त्यांना काकूच म्हणतो. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने तीस वर्षं ते कांडप चालवलं होतं. सहा मुसळांचं मशीन, चाळायला दोन बायका, वर पोटमाळ्यावर स्वतःचं बिऱ्हाड. होळी ते मे अखेर हा त्यांचा मोसम. त्या अडीच महिन्यांत जे काम होईल त्यावर वर्ष निघायचं. पाऊस लागला की मिरच्या सादळतात, मग कुटायला कोणी येत नाही. मोसम गेला की वर्ष गेलं, हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. वीस स्लाइड होत्या. तिसऱ्या स्लाइडला काकू म्हणाल्या, "तू सांगतोस ना, मग करूया." मी म्हटलं, अजून सतरा आहेत. त्या म्हणाल्या, त्या तू बघ, मला हळद कुटायला लावायचीय. इतक्या कमी प्रश्नांत मला आयुष्यात पुन्हा कोणी हो म्हटलं नाही. मी स्वतः आता कोणाला पैसे देण्याआधी चाळीस प्रश्न विचारतो.

माझ्या सांगण्यावरून काकूंनी बाकडं काढलं. ते दुकानाच्या अर्ध्या भिंतीला लागून होतं आणि तिथे पिशव्यांसाठी रॅक लावायचं होतं. जुनं सागवानी बाकडं, चौघांनी उचललं. दोन नेहमीच्या बायका रस्त्यावर उभ्या राहून बघत होत्या. त्यातली मालवणची म्हातारी म्हणाली, "माका नको तो ॲप." मी हसून सांगितलं की सवय होईल. आमच्या धंद्यात हे वाक्य फार चालतं.

गुंतवणूकदार बंगळुरूचे होते. मोसमाच्या सुरुवातीला एकदा ते काकूंचं कांडप बघायला आले. दारातच त्यांना एकवीस शिंका आल्या. काकूंनी त्यांना ताक दिलं. परत जाताना ते मला गाडीत म्हणाले की समस्या किती खरी आहे हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी पैसे दिले. ते दुसऱ्या हप्त्याचे पैसेही देणार होते, पण त्याआधी त्यांना आकडे हवे होते. सगळ्यात महत्त्वाचा आकडा होता वेटिंग टाइम. नंबर लावल्यापासून आमचा माणूस दारात येईपर्यंत बाईला सरासरी किती वेळ थांबावं लागतं.

तो आकडा आमच्या ऑफिसात भिंतीवर मोठ्या पडद्यावर दिसायचा. ऑफिस म्हणजे परळला एका जुन्या कंपाउंडमधला गाळा, आम्ही सात जण. पहिल्या आठवड्यात पडद्यावर तीन तास होते. मग दोन. मग चाळीस मिनिटं. आम्ही नंबर लावायची पद्धत सुधारत होतो. कोणाचं घर कुठे, आमचा माणूस कोणत्या रस्त्याने येणार, त्याप्रमाणे ॲप आपोआप क्रम लावायचं. एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी पडद्यावर शून्य आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. दादरहून केक आणला. त्यावर क्रीमने मोठं शून्य काढून घेतलं होतं. केकवाल्याने दोनदा विचारलं की पुढे आकडा घालायचा राहिला नाही ना.

शून्य का आलं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. बायका थांबत नव्हत्या, कारण नंबर लावायला बायकाच उरल्या नव्हत्या.

हे मला चार दिवसांनी कळलं, तेही विक्रीला गेलो म्हणून. परळमध्येच दुसरं एक कांडप होतं. त्यांनाही ॲपवर घ्यावं म्हणून मी टॅबलेट घेऊन तिथे गेलो. दुकान तुडुंब भरलेलं. आत बाकड्यावर नाकाला पदर लावून आठ-दहा बायका बसलेल्या आणि त्यात मधोमध माझी आई.

आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. तिने थोडं सरकून जागा केली. मी बसलो.

तिच्या एका बाजूला गिरगावच्या निवृत्त शिक्षिका होत्या, दुसऱ्या बाजूला माहीमची कोळीण मावशी. दोघींना मी ओळखत होतो. दोघी वर्षानुवर्षं काकूंकडे यायच्या. बाकड्यावर जोरात चर्चा चालू होती आणि मी ती पहिल्यांदाच नीट ऐकली. लहानपणी आईबरोबर गेलो होतो तेव्हाही ही चर्चा चालायची, पण मला त्या गप्पा वाटायच्या.

चर्चा होती कोणाचं कोणाच्या मागून कुटायचं याची. उखळ कितीही झाडलं तरी आधीच्या बाईचा थोडा मसाला तळाला राहतो आणि तो पुढच्या बाईच्या मसाल्यात जातो. त्यामुळे सकाळी पहिलं उखळ उपासाच्या मिरचीला. मग नुसती मिरची पूड, मग घरचे मसाले. कोळीण मावशीच्या मसाल्याच्या मागून कुणालाही चालायचं, कारण ती मिरची पारखून आणते. एक बाई ओलसर मिरच्या आणायची, तिच्या मागून कोणी जायला तयार नसायचं, म्हणून तिला गोड बोलून शेवटी ढकलायचे. हे सगळं त्या बसल्या बसल्या ठरवायच्या. आपला मसाला डोळ्यांसमोर कुटला जातोय हे बघायच्या आणि आपल्या आधी कोण हेही बघायच्या. आमच्या घरच्या मसाल्यात दरवर्षी चिमूटभर माहीमचा मसाला होता आणि आईने तो निवडून घेतलेला होता. मी हे वेटिंग टाइम म्हणून मोजत होतो.

शिक्षिकाबाईंनी मला ओळखलं. शिक्षकाच्या शांतपणाने त्यांनी सांगितलं की ॲपने त्यांची उपासाची मिरची एका हॉटेलच्या गरम मसाल्यामागून कुटली. एकादशीला बटाट्याच्या भाजीत धणे लागले. तीस वर्षांत पहिल्यांदा उपास मोडला. मी म्हटलं, बाई, तुम्ही तक्रार का नाही केलीत. त्या म्हणाल्या, "कशाला? डबा आणून देणारा फार नम्र होता. मी पाच तारे दिले." आणि दुसऱ्या दिवसापासून परळला यायला लागल्या.

तेवढ्यात मालक आले. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं की यंदा बरकत आहे, लालबागला कोणीतरी सॉफ्टवेअर आणलंय, तिथली सगळी गिऱ्हाइकं इकडे आली. तो माणूस भेटला तर पेढे देईन म्हणाले. आई खिडकीबाहेर बघायला लागली. मी टॅबलेट पिशवीत घातला.

आम्ही चालत घरी निघालो. मसाल्याचा डबा मी धरला होता, तो अजून गरम होता. चाळीच्या जिन्यात तिने सांगितलं, "तुझ्या ॲपवर रोज मी बघते रे. किती जणांनी नंबर लावला ते बघते. पण मसाला डोळ्यांसमोर कुटल्याशिवाय मला नाही चालत." तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, असंही म्हणाली. मला वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त लाज वाटली, कारण काकू गेले कित्येक दिवस रोज रिकाम्या दुकानात मशीन पुसून बसत असणार आणि त्यांनी मला एक फोन केला नव्हता.

संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. रॅकवर तीन पिशव्या होत्या. काकू खुर्चीत बसून मिरचीची देठं काढत होत्या. ती मिरची गिऱ्हाइकाची नव्हती, त्यांची स्वतःची होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, "तुझ्या तिकडे सगळं पडद्यावर दिसतं म्हणाला होतास. मला वाटलं, तुला दिसत असेल."

आता काय करायचं ते उघड होतं. ॲप बंद करायचं, रॅक काढायचं, बाकडं परत आणायचं आणि बायकांना सांगायचं की या. एप्रिलची वीस तारीख होती. अजून सव्वा महिना मोसम होता. त्या रात्री हे केलं असतं तर काकूंचं वर्ष वाचलं असतं.

मी ते केलं नाही. बंगळुरूचे साहेब दहा मेला येणार होते. दुसरा हप्ता त्या दिवशी ठरणार होता आणि आमच्याकडे दाखवायला एकच कांडप होतं. ते बंद केलं की कंपनी बंद. मी काकूंना म्हटलं, थोडे दिवस थांबूया, मी सुधारणा करतो. त्या म्हणाल्या, बरं. मी लोकांना सांगताना सांगतो की सात माणसांच्या पगाराचा प्रश्न होता. प्रश्न होता, खोटं नाही. पण त्याआधी मला संस्थापक म्हणवून घ्यायची चटक लागली होती. व्हिजिटिंग कार्डाचा दुसरा गठ्ठा नुकताच छापून आला होता.

ते वीस दिवस मी काम केलं. आदली बाई कोण असावी हे निवडायची सोय ॲपमध्ये घातली. त्यासाठी बायकांनी एकमेकींच्या मसाल्याला तारे द्यायचे होते. ही सोय एकाच बाईने वापरली, ती माझी आई, आणि तिने सगळ्यांना पाच तारे दिले.

दहा मेला साहेब आले. शून्य बघून खूश झाले, मग पिशव्यांचा आकडा बघितला आणि तो दोनदा वाचला. सभ्य माणूस होता. म्हणाला, तुम्ही हे मला आधीच सांगायला हवं होतं. दुसरा हप्ता आला नाही.

अकरा तारखेला मी रॅक काढलं. बाकडं काकूंनी विकलं नव्हतं, मागच्या बोळात ताडपत्रीखाली ठेवलं होतं. आम्ही चौघांनी ते परत लावलं. मग मी आईला घेऊन घरोघरी गेलो. गिरगावच्या बाईंनी चहा दिला. त्या म्हणाल्या, यंदाचं सगळं करून झालं, पुढच्या वर्षी बघू. माहीमची मावशी मासे विकायला बसली होती, तिने कोयता खाली न ठेवता ऐकून घेतलं. म्हणाली, "तुझी काकू सोन्यासारखी बाई. पण परळला आता आमची रांग बसली ना. मी उठून आले तर माझ्या मागच्या पोरी कोणाच्या मागून जातील?" मला ते ॲपमध्ये मोजता आलं नसतं, तेव्हाही आणि आताही. आईने तिच्याकडून दोन पापलेटं घेतली आणि आम्ही निघालो.

मेच्या शेवटी काही बायका आल्या. जूनमध्ये पाऊस लागला.

कंपनी बंद करायला तीन महिने लागले. मी सातही जणांना दुसरीकडे लावून दिलं. मग आमच्या धंद्याची एक गंमत मला कळली. बंगळुरूच्या साहेबांनी मला फोन करून सांगितलं की तुमचं अपयश फार चांगल्या प्रतीचं आहे. त्यांच्या फंडात अशा माणसाची गरज होती ज्याने स्वतः कंपनी बुडवलेली आहे. त्याला अनुभव म्हणतात. मला पहिल्यापेक्षा जास्त पगार मिळाला. पुढे स्वतःचा फंड काढला. आता प्रभादेवीला एका मनोऱ्यात बाविसाव्या मजल्यावर बसतो. वरून लालबाग दिसतो, पण धुरकट.

काकूंच्या अपयशाला कोणी अनुभव म्हणालं नाही. पुढच्या मोसमात निम्म्याहून कमी बायका आल्या. त्याच्या पुढच्या मोसमात आणखी कमी. चाळणाऱ्या दोघींपैकी एक परळच्या कांडपावर लागली. मी दर वर्षी जात होतो, दिवाळीला साडी नेत होतो, काही लागलं तर सांगा म्हणत होतो. काकू म्हणायच्या, काही नको, तू जेवून जा. तिसऱ्या वर्षी त्यांनी गाळा सोडला आणि लेकीकडे सावंतवाडीला जायचं ठरवलं.

त्या तीन वर्षांत मी मला सोडवणारी बरीच कारणं गोळा केली होती. लोक आयता मसाला घ्यायला लागलेत. चाळी पडतायत, टॉवरमध्ये गच्चीवर मिरच्या वाळवू देत नाहीत. काकूंचे गुडघे दुखतात. लेक कधीपासून बोलावत होती. वडील म्हणायचे, तू नसतास तरी हे झालंच असतं. मित्र म्हणायचे. बायको म्हणायची. फंडातले भागीदार तर आलेख काढून दाखवायचे. फक्त काकू काही म्हणाल्या नव्हत्या आणि मला त्यांच्याकडून ऐकायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेलो. मशीन कोल्हापूरच्या माणसाने घेतलं होतं. मुसळं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. काकू पितळी डब्यांना वर्तमानपत्र गुंडाळत होत्या. मी खाली बसलो आणि गुंडाळायला लागलो. बराच वेळ आम्ही तेच केलं. सहा-सात डबे झाले असतील.

मग मी म्हटलं, "काकू, हे माझ्यामुळे झालं."

मी हे वाक्य मनात बरेचदा म्हणून बघितलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यापुढे त्या म्हणायच्या, नाही रे बाळा. मी तेवढ्यासाठीच आलो होतो. लपवण्यात अर्थ नाही.

काकूंनी हातातला डबा पुरा गुंडाळला, सुतळी बांधली, गाठ दाताने ओढली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हो रे. तुझ्यामुळेच."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याने पत्ता विचारावा आणि आपण सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. मग त्यांनी पुढचा डबा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, आईचे पाय कसे आहेत. मी सांगितलं की सुजतात. त्या म्हणाल्या, तिला रात्री पाय मिठाच्या पाण्यात बुडवायला सांग.